वीस किलो, कडता वजा

विमानाच्या तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं, ते पूर्ण वाचलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. दोन संध्याकाळी भिंग घेऊन, शेजारी डिक्शनरी ठेवून, मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागात बारा वर्षं काढली की छापील नियम दिसला की माणसाला राहवत नाही. तरीही सांताक्रूझच्या विमानतळावर, भर काउंटरवर, माझी जी शोभा झाली ती व्हायचीच होती. ती नियमामुळे झाली नाही. कांद्यामुळे झाली.

तुम्ही म्हणाल, गांगुर्डे, तुम्ही आणि विमान? रास्त आहे. आमच्या सात पिढ्यांत विमानाशी आलेला संबंध म्हणजे ओझरच्या विमान कारखान्याकडून एखादं डोक्यावरून घरघरत गेलं की अंगणात येऊन वर बघायचं, एवढाच. पण चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप झाला. आमची थोरली, सुला, दिल्लीला दिलेली. पहिलं बाळंतपण, नववा महिना भरत आलेला. डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाला मनाई केली म्हणून तिच्या आईनंच जायचं ठरलं होतं. नाशिकरोडहून गाडीचं रिझर्व्हेशनही हातात होतं. आणि गाड्याच बंद.

बरं, संप केला कुणी? आमच्याच जावयानं. लहानूराव दिल्लीत रेल्वेच्या कचेरीत कारकून. तसे त्यांच्यासोबत लाखो माणसं होती, ते मला मान्य आहे. पण माझ्यापुरतं बोलायचं तर माझ्या बायकोची गाडी माझ्या जावयानं बंद पाडली, आणि हे मी ऑफिसात कुणाला सांगूही शकत नव्हतो. पुढं दोनच दिवसांनी सुलाची तार आली. पोलिसांनी ह्यांना नेलंय, मी एकटी आहे, आईला लवकर पाठवा.

तार वाचून यशोदा, म्हणजे आमची ही, काहीच बोलली नाही. उठली, डिंक तळायला घेतला आणि लाडू वळत बसली. पंचवीस वर्षांच्या संसारात मी एक शिकलोय, ती बोलत नाही तेव्हा फार घाबरलेली असते. मी तसाच सायकलवर टांग मारून मेनरोडच्या ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. संपामुळे विमानांवर झुंबड उडालेली. रविवारी दुपारच्या मुंबई-दिल्ली विमानात एक जागा होती. एकच. त्यानंतरची जागा नऊ दिवसांनी. नऊ दिवस थांबायला पोटातलं बाळ काही जिल्हा परिषदेत नोकरीला नव्हतं.

तर असं ते तिकीट घरी आलं आणि मी ते वाचलं. त्यात 'कंपनी जबाबदार राहणार नाही' ह्या अर्थाचं वाक्य निरनिराळ्या वेषांत इतक्या वेळा येतं की मोजायचं मी सोडून दिलं. वेळापत्रकात छापलेली वेळ म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द नव्हे, असं स्वच्छ लिहिलेलं. प्रवाशानं मात्र वेळेवर यायचं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवत होतो तेव्हा यशोदा म्हणाली, "आपल्या लग्नात तुमच्याकडच्यांनी असंच केलं होतं." मी पुढचं कलम घेतलं.

पुढचं कलम सामानाचं. माणशी वीस किलो. आमच्या कॉलनीत ही बातमी अर्ध्या तासात पसरली आणि लोक दिल्लीला पाठवायच्या वस्तू घेऊन यायला लागले. सुला सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, त्यामुळे कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. बाळंतशोपा आली, अळीव आले, वेखंड आलं, तुपाचा डबा आला. ऑफिसातल्या शिपायानं सुरगाण्याहून नागलीचं पीठ मागवलं, बाळंतिणीला दूध येतं म्हणून. जुन्या लुगड्यांची दुपटी आली. आणि सामान भरून झाल्यावर यशोदेनं फडताळातून सहाण काढली. बाळाची गुटी उगाळायची, दगडाची, चांगली जाडजूड.

"अगं, दगड?" मी म्हणालो. "दिल्लीत दगड मिळत नाहीत?"

"मिळत असतील," ती म्हणाली, आणि सहाण दुपट्यांत गुंडाळून पेटीत ठेवली.

ह्यावर तोड काढली आमच्या शेजारच्या झुंबररावांनी. झुंबरराव म्हणजे महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी माझ्याकडून कलमांची यादी ऐकून घेतली. वीस किलोशिवाय प्रवाशाला हातात काय काय फुकट नेता येतं, ते त्यात होतं. बायकांची पर्स, छत्री किंवा काठी, वाटेत वाचायची पुस्तकं, बाळाचं वाटेत लागणारं खाणं, ओव्हरकोट.

"ओव्हरकोट फुकट आहे?" झुंबरराव म्हणाले. "मग सोडता कशाला, गांगुर्डे?"

"मे महिना आहे, सुभेदार."

"महिन्याचं काही लिहिलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं. ते घरी गेले आणि आपला पलटणीतला ओव्हरकोट घेऊन आले. डांबराच्या गोळ्यांचा वास, पितळी बटणं, आणि एकेका खिशात कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा. लेह-लडाखकडे घातलेला तो कोट आमच्या दांडीवर वाळत असलेल्या परकरांशेजारी टांगला गेला.

आता प्रश्न वजनाचा. वीस किलो झाले की नाही हे बघायला घरात काटा नव्हता. रद्दीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. तेव्हा मी पेटी आणि गाठोडं टांग्यात घालून पंचवटीत कोंडाजीशेठकडे नेलं. कोंडाजीशेठ कांद्या-बटाट्याचे अडते. हाडानं चांगला माणूस; यशोदेच्या माहेरचा, म्हणजे येवल्याकडचा, कांदाही त्यांच्याकडेच यायचा. त्यांच्या हमालानं, मंगळूनं, दोन्ही नग काट्यावर चढवले.

"बावीस," शेठ ओरडले.

मी बाजरीच्या पिठाची दोन किलोची पिशवी काढली.

"वीस. बरोब्बर."

"नक्की ना शेठ? विमानाचं काम आहे."

शेठला जरा लागलं. "गांगुर्डेसाहेब, ह्या काट्यावर निम्म्या जिल्ह्याचा कांदा तुलतो. थांबा, लिहूनच देतो." असं म्हणून त्यांनी पावतीबुकातून गुलाबी पट्टी फाडली, वजन लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का बघून मला फार बरं वाटलं. आवक-जावकवाल्या माणसाला शिक्क्यापुढे दुसरं काही सुचत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. कसाऱ्याच्या घाटात ओव्हरकोट कोणी धरायचा ह्यावरून थोडं झालं, तो मीच धरला. बाराच्या सुमाराला सांताक्रूझला पोचलो. आत गेल्यावर गार फरशी, चकचकीत माणसं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव की आपण रोजच उडतो. मीही तसा चेहरा केला. एका हातात पलटणीतला कोट आणि दुसऱ्या हातात गाठोडं असताना तो चेहरा टिकवणं अवघड जातं.

काउंटरवर टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं पेटी-गाठोडं काट्यावर ठेवलं. काटा चोविसावर जाऊन थांबला.

"चार किलो जास्त आहे," तो म्हणाला.

मी हसलो. ह्याच क्षणाची मी वाट पाहत होतो. खिशातून गुलाबी पट्टी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय आहे?"

"वजनाची पावती. शिक्क्यासकट."

त्यानं ती उलटसुलट केली आणि सावकाश वाचली. "कांदा-बटाटा अडत दुकान, पंचवटी, नाशिक. माल: लाडू वगैरे." मागच्या रांगेतले एक गृहस्थ खोकले. तो खोकला नव्हता हे मला कळत होतं. "साहेब," तरुण म्हणाला, "आम्ही आमच्या काट्यावर चालतो."

"तुमचा काटा तपासून घ्या. ही पट्टी सबंध जिल्ह्यात चालते."

आवाज थोडा चढला असेल माझा. तेवढ्यात यशोदेनं हात लांब करून पट्टी घेतली आणि वाचली. बाई सातवी शिकलेली, पण वाचते नीट.

"अहो," ती म्हणाली, "खाली काय लिहिलंय ते बघितलं का?"

खाली लिहिलं होतं, 'कडता ४ वजा.'

कडता म्हणजे काय ते ज्यांनी कधी कांदा विकला नाही त्यांना सांगायला हवं. अडत्याकडे माल तुलला की त्यातून माती, ओल, पोत्याचं वजन, सडका-फुटका कांदा, ह्या सगळ्यांच्या नावानं नगामागे दोनेक किलो कापायचे आणि उरलेलं वजन बोलायचं, ही बाजाराची जुनी रीत. कोंडाजीशेठनी तीस वर्षं हेच केलेलं. काट्यावर चोवीस दिसले, दोन नगांचे चार तोंडातल्या तोंडात कापले आणि वीस म्हणून ओरडले. लबाडी नव्हती त्यात. जिभेला वळणच तसं पडलेलं.

"माझा बाप जन्मभर ह्या कडत्यावरून भांडला," यशोदा म्हणाली. "मला का नाही नेलंत वजन करायला?"

ज्या माणसानं कंपनीचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं, त्यानं आपल्या अडत्याचं ठळक अक्षर वाचलं नव्हतं. जास्तीचं सामान कंपनी घेते, ते कलम मला पाठ होतं, तेही सांगून पाहिलं. तरुण म्हणाला, आज नाही, संपामुळे विमान गच्च भरलंय, एक किलो वरचा चढणार नाही. आणि वीस मिनिटांत काउंटर बंद होईल.

मी शेवटचं कलम काढलं. "बाळाचं वाटेत लागणारं खाणं फुकट नेता येतं. हे लाडू आणि तूप बाळासाठीच आहेत."

"बाळ कुठंय?"

"यायचंय."

त्यानं घड्याळ बघितलं. "किती वाजता येणार?"

"दोन-चार दिवसांत," मी म्हणालो, आणि मागच्या गृहस्थांना पुन्हा खोकला आला.

मग आम्ही तिथंच फरशीवर पेटी उघडली. चकचकीत माणसं आमच्या दुपट्यांना वळसा घालून जात होती. मी सगळ्यात आधी सहाणेला हात घातला. "ही राहू दे," मी म्हणालो. "दोन किलो इथंच कमी होतात."

यशोदेनं माझं मनगट धरलं. "सुला सातव्या महिन्यात झालेली," ती हळू आवाजात म्हणाली. "दाईनं सांगितलं होतं, जीव लावू नकोस हिला. चाळीस दिवस मी ह्या सहाणेवर गुटी उगाळली. तुम्ही तेव्हा निफाडला बदलीवर होतात. ही सोबत आल्याशिवाय मी जायची नाही."

मी हात मागे घेतला. खरं सांगतो, मला ते चाळीस दिवस माहीतच नव्हते. पत्रात ती 'सर्व खुशाल' लिहायची.

तिनं माझ्या हातावरचा ओव्हरकोट ओढून घेतला आणि नऊवारीवर चढवला. बटणं लावली. उजव्या खिशात सहाण, डाव्या खिशात तुपाचा डबा, आतल्या खिशांत वेखंड, अळीव आणि ज्या काय पुड्या बसल्या त्या. गुलाबी पट्टीही घडी करून आत टाकली. मग काउंटरशी जाऊन तिनं विचारलं, "दादा, ओव्हरकोट चालतो ना?"

तरुणानं पुस्तक काढलं. पुस्तकात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "चालतो, बाई."

"खिशाचं काही लिहिलंय?"

"नाही."

पेटी-गाठोडं परत काट्यावर गेलं. वीस. त्या तरुणानं विमानात चढायच्या पासवर शिक्का मारला आणि मला वाटतं, तो पहिल्यांदाच हसला. "मावशी," तो म्हणाला, "आत गेल्यावर काढून ठेवा हो, उकडेल."

पुढं तपासणी होती. तिथं प्रवाशांनाच सोडतात. पडद्याआड बायकांना बाई पोलीस तपासत होती, आणि पडदा बंद झाल्यावर कितीतरी वेळ यशोदा बाहेर आलीच नाही. दोरीच्या अलीकडे मी उभा. खिशात दगड घेऊन विमानात चढणाऱ्या माणसाला काय शिक्षा असते, हे कलम तिकिटावर नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा कोटाची उजवी बाजू हलकी लोंबत होती. सहाण गेली होती.

तेवढ्यात जाहीर झालं की दिल्लीला धुळीचं वादळ आहे, विमान दोन तास उशिरा सुटेल. मला तर हे हवंच होतं. माझ्या आत साठलेलं सगळं घेऊन मी काउंटरवर गेलो आणि विचारलं, उशीर झाल्यावर प्रवाशांना चहा-नाश्ता द्यायचा असतो, त्याचं काय.

"देतोय की," तरुण म्हणाला. "तुम्ही प्रवासी आहात का?"

"मी प्रवाशाचा नवरा आहे."

त्यानं विचार केला. "नवऱ्याचं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

मी परत दोरीशी आलो तर पलीकडून यशोदा मला हाक मारत होती. तिच्या हातात कागदी खोका होता, त्यात दोन सँडविच आणि एक केळं. "धरा," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, बाहेर माझा माणूस सकाळपासून उपाशी उभाय. त्यांनी आणखी एक दिला." मी दोरीवरून खोका घेतला. स्वाभिमान वगैरे होता, पण भूकही होती.

"सहाण घेतली ना त्यांनी?" मी विचारलं.

"ती पोलीसबाई चांदवडची निघाली. म्हणाली, मावशी, दगड हातात घेऊन सोडलं तर माझी नोकरी जाईल. पण सहाण ठेवून घ्यायला माझा जीव धजत नाय. मग तिनं विमानातल्या पोरीला बोलावून तिच्या ताब्यात दिली. विमान चालवणाऱ्याच्या खोलीत ठेवतात म्हणे, दिल्लीला उतरले की परत." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही घाबरलात का?"

"छे," मी म्हणालो.

मी भयंकर घाबरलो होतो. उन्हं उतरायच्या आत विमान सुटलं. विमानतळाच्या गच्चीवर, कठड्याशी उभा राहून मी बघत होतो. कोट हातावर टाकून ती शिडी चढली, वर पोचल्यावर वळली, आणि मी कुठं आहे हे न कळल्यामुळे सगळ्या गच्चीकडेच हात केला. मग ते धूड धावत गेलं आणि जमिनीवरून सुटलं. कंपनी जबाबदार राहणार नाही, कंपनी जबाबदार राहणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात चालू होतं. नियम वाचू नयेत माणसानं.

सोमवारी तार आली. पोचले. सहाण पोचली. त्यानंतर मंगळवार गेला, बुधवार गेला, काही नाही. भीतीचा राग होतो तसा माझाही झाला, आणि गुरुवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी तडक कोंडाजीशेठच्या अडतीवर गेलो.

"शेठ," मी म्हणालो, "तुमच्या कडत्यापायी माझ्या बायकोचं विमान चुकत होतं. माणसांच्या सामानातून कसला कडता कापता?"

शेठ गादीवरून हलले नाहीत. "पेटी पत्र्याची होती का नाही? ती काय लेक खाणार हाय? मी निव्वळ माल सांगितला, साहेब. निव्वळ माल वीसच होता." वर मंगळूला साक्षीला घेतलं. त्याच्याशी काय वाद घालणार. तरी मी घालत होतो, तेवढ्यात शेठचा फोन वाजला. लांब, तुटत तुटत, ट्रंककॉल वाजतो तसा. शेठनी उचलला, "हा, हा," केलं आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत रिसीव्हर पुढं केला. "दिल्ली हाय. तुमच्या मंडळी."

तिला नंबर कुठून मिळाला? गुलाबी पट्टीवर छापलेला होता, आणि आमच्या घरी फोन नसल्यानं तिला शेठकडे निरोप ठेवायचा होता.

"अहो, ऐकू येतंय का?" यशोदेचा आवाज पार विहिरीतून येत होता. "काल संध्याकाळी झाली. मुलगी. सुला बरी आहे. दोघी बऱ्या आहेत."

मी जवळच्या पोत्यावर बसलो. "आणि लहानूराव?"

"जामिनावर सुटले. दवाखान्याच्या दारात उभे आहेत, भेटीची वेळ नाही म्हणून आत सोडत नाहीत." मला जावयाबद्दल एकदम फार प्रेम वाटलं. "अहो, दोन किलो सातशे भरली पोरगी," ती म्हणाली, आणि कॉलची तीन मिनिटं संपली.

"काय भरलं?" कोंडाजीशेठनी विचारलं. वजन म्हटलं की त्यांना राहवत नाही.

"दोन किलो सातशे."

"दोन सातशे," शेठ सवयीनं मोठ्यानं ओरडले. आणि मंगळूनं, तोही सवयीनंच, विचारलं, "कडता?"

शेठनी पट्टीकडे नेलेला हात मागे घेतला. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाले, "नाय. तिला कडता नाय."

ते स्वतः गादीवरून उठले. छोटा तराजू घेतला, एका पारड्यात दोन किलो सातशेची वजनं टाकली आणि दुसऱ्यात कांदे निवडून निवडून टाकायला लागले, गुलाबी, एकसारखे, एकही डागी नाही. पारडी समान झाली. शेठनी थोडा विचार केला आणि वर एक कांदा जास्तीचा ठेवला. पारडं खाली गेलं. मग स्वतःचं उपरणं काढून त्यात ते कांदे नीट बांधले आणि ते गाठोडं माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"बघा साहेब," ते म्हणाले. "एवढी हाय तुमची नात."

मी सायकल अडतीवरच ठेवून पायी घरी आलो, कारण सायकल चालवायला एक हात मोकळा लागतो, आणि एका हातानं धरवेना. पुढं आठ दिवस घरात भाजीला दुसरा कांदा आणून वापरला.